मखमलीचा मावळा आणि बाबूराव पेंटर

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही सिंहगडाच्या लढाईचा एक प्रवेश बसविला होता. मी त्यात मावळा होतो. ड्रेपरी शहरातून भाड्याने आणलेली. माझ्या वाट्याला जांभळ्या मखमलीचे जाकीट आले. त्यावर चमकी, खाली चकाकणारी सुरवार, डोक्याला आधीच शिवून तयार केलेली टोपीसारखी पगडी आणि पायांत माझेच कॅनव्हासचे बूट. आरशात पाहिले तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. प्रेक्षकांत आमच्या पाड्यावरून माझा आजा आला होता. अंगात सदरा, खाली लंगोटी, डोक्याला मुंडासे आणि कमरेच्या आकडीत कोयता. खेळ संपल्यावर मी तसाच रंगलेल्या तोंडाने त्याच्यापाशी गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, की लग्नातल्या बँडवाल्यांचे सोंग तुम्ही लढाईत कशाला घातले होते? असली सुरवार घालून कातळ कसा चढणार, अशीही शंका त्याने काढली.

मी हसलो खरा, पण ते बोलणे मनाला लागून राहिले. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांना ही गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका मेस्त्र्याच्या मुलाला पडला होता, त्याचे चरित्र वाच, एवढेच ते म्हणाले. ग्रंथालयात जे मिळाले ते मी वाचले. त्या माणसाचे नाव बाबूराव पेंटर. मित्रहो, त्यांचीच कथा मला समजली तशी आपल्यापुढे ठेवीत आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम, रंगकाम हे घरातच चाललेले असे. शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. चित्रकला, शिल्पकला, छायाचित्रण, यंत्रांची जोडणी हे सारे त्यांनी पाहून आणि करून मिळविले. पुढे लोक त्यांना कलामहर्षी म्हणू लागले. पण त्यांनी स्वतः मिरविले ते आडनाव धंद्याचे होते, पेंटर. हाताने काम करणाऱ्या घरातून आलेल्या आम्हा मुलांना या एका गोष्टीनेही धीर येतो.

त्यांचे नात्याने भाऊ आनंदराव हेही असेच हरहुन्नरी. तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. मोठमोठ्या नाटक मंडळ्यांना राजवाड्याचे, बागेचे, अरण्याचे रंगविलेले पडदे लागत. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव यांचे पडदे पश्चिम भारतात नावाजले गेले. सपाट कापडावर खांबांची रांग खोल जाताना दाखवावयाची, न पडलेली सावली पडलेली भासवावयाची, ही त्यांची विद्या.

रंगभूमीवरील पोशाखाची त्या वेळची कसोटी कोणती होती हे पाहणे येथे आवश्यक आहे. ती कसोटी होती वैभवाची. राजा रविवर्म्याच्या चित्रांचे छापील नमुने घरोघरी गेले होते आणि देवादिकांचा पोशाख तोच, असे लोकांच्या मनात बसले होते. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने हा तर प्रेक्षकांच्या कौतुकाचा स्वतंत्र विषय होता. नाटकातील स्त्री कोणत्या काळातली, कोणत्या प्रांतातली, हे कोणी विचारीत नसे. यात नाटकवाल्यांचा दोष फारसा नव्हता. दुरून, मंद उजेडात पाहणाऱ्यांना काचेचा मणी हिऱ्यासारखाच दिसतो.

पण १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला आणि पाहणाऱ्याच्या व नटाच्या मधले अंतरच नाहीसे झाले. कॅमेरा नटाच्या जवळ जाऊन उभा राहू लागला. चित्रपटाने या दोघा भावांना झपाटून टाकले. त्यांनी चित्रपट दाखविण्याचे यंत्र मिळविले, ते खोलून पाहिले आणि कॅमेरा आपणच करावा असे ठरविले. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुरे केले आणि १९१८ साली स्वतः घडविलेला कॅमेरा चालू झाला. परदेशातून यंत्र आणण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी यंत्रच घडविले.

चित्रपटासाठी भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. शाहू महाराजांचे प्रोत्साहनही मिळाले. पहिला चित्रपट सैरंध्री १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली होती, कारण स्त्री मिळतच नव्हती. सैरंध्रीत मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही त्यांची पडद्यावरची नावे. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. लोकमान्य त्याच वर्षी वारले.

पडदे रंगविण्यात ज्याने नाव मिळविले होते, त्याच माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदा काढून टाकला, ही मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. त्यांनी लाकडाची आणि कापडाची खरीखुरी उभी दालने बांधली. खांब असेल तर त्याच्या मागे माणूस जाऊ शकला पाहिजे. याचे कारण मी असे समजतो. रंगविलेली सावली हलत नाही आणि नटाची सावली हलते. दोन्ही शेजारी आल्या की खोटी कोणती हे उघडे पडते. ही लबाडी ज्याच्या हातची होती, त्यालाच ती सर्वांत आधी दिसली.

जे भिंतीचे तेच वस्त्राचे. कॅमेऱ्यापुढे कापडाची जात कळते. जाड सुताची घडी निराळी पडते, रेशमाची निराळी. बाबूराव चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची रेखाटने करीत आणि पोशाख, अलंकार, शस्त्रे यांची आखणी स्वतः पाहत. शिवाय त्या वेळच्या फिल्मचा एक विचित्र गुण होता. तिला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे काळे उमटे आणि निळे पांढुरके. चित्रीकरणाच्या वेळी शोभून दिसणारा लाल शेला पडद्यावर काळा ठिपका होऊन बसे. म्हणजे खरा रंग वापरूनही चित्र खोटे होई! मूकपटाच्या काळात पोशाख ठरविणाराला डोळ्यांना दिसणारे एक आणि फिल्मवर उमटणारे दुसरे, असा दुहेरी हिशेब ठेवावा लागे. चित्रकाराचा डोळा असलेल्या माणसाला हे काम इतरांपेक्षा सोपे गेले असावे.

१९२३ साली आला सिंहगड. हरिभाऊ आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर तो आधारलेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीची लढाई दाखविण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. आपल्याकडे त्या काळी ते नवेच होते. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले व्ही. शांताराम त्यात शेलारमामा होते. मुंबईत या चित्रपटाला इतकी गर्दी लोटली, की सरकारला करमणूक कराची कल्पना त्यावरूनच सुचली, असे सांगतात. पुढील वर्षी आला कल्याण खजिना, म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणची कथा. त्या चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले.

कोल्हापूर ही ऐतिहासिक पोशाखाच्या दृष्टीने भाग्याची जागा होती. ते छत्रपतींच्या वंशजांचे संस्थान. दरबार भरत होता, शस्त्रे होती, घोडे होते, पागोटी बांधणारे हात होते. नाटकाच्या पेटीतील चमकी सोडून खऱ्या वापरातील वस्त्राकडे पाहावयाचे, तर ते डोळ्यांसमोर होते. आसपासच्या मावळी आणि शेतकरी माणसांचे नेसणे तर रोजचेच.

परंतु येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडली पाहिजे. १९२३ सालचा दरबार म्हणजे १६७० सालचा दरबार नव्हे. अडीचशे वर्षांत पगडीचा आकार बदलला, अंगरख्याचा घोळ बदलला, गिरणीचे कापड आले आणि रासायनिक रंगही आले. इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला तो १८५६ साली. त्यापूर्वीची वस्त्रे मंजिष्ठ, नीळ, हळद अशा वनस्पतींच्या रंगांची. आणखी एक अडचण म्हणजे त्या काळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्वत्र प्रचलित होते, ते त्यांचे नव्हतेच. ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ साली महाराजांचे डच संग्रहातील अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले. सिंहगड त्याच्या दहा वर्षे आधीचा. म्हणजे बाबूरावांनी जे केले ते अपुऱ्या साधनांवर केले.

मग त्यांची अस्सलता ती कोणती? मला वाटते, शोध घेण्याची वृत्ती हीच ती अस्सलता. पेटीत जे मिळेल ते अंगावर चढविण्याऐवजी हे असेच होते का, असे विचारणे. उत्तर चुकू शकते, पण ज्याने प्रश्न विचारला त्याची चूक पुढचा माणूस सुधारू शकतो. ज्याने प्रश्नच विचारला नाही त्याची चूक रूढी होऊन बसते. मखमलीचा मावळा हा असाच रूढी होऊन बसला आहे.

हे वाचीत असताना मी ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासाकडे वळलो. महाराजांच्या पायदळाचा पोशाख त्यात वर्णिला आहे. डोक्याला पागोटे, अर्ध्या मांडीपर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब अरुंद पट्टा, कधी अंगात सुती अंगरखा, आणि कमरेला गुंडाळलेले एक वस्त्र, जे थंडीत पांघरूण म्हणूनही उपयोगी पडे. घोडेस्वार पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेत, म्हणजे दौडीत ते पडू नये. मी पुस्तक मिटले आणि डोळ्यांसमोर आला तो माझा आजा! मांड्या उघड्या, कमर आवळलेली, डोक्याला मुंडासे. त्या रात्री आमच्या नाट्यगृहात खऱ्या मावळ्याच्या जवळपासचा पोशाख केलेला एकच माणूस हजर होता, आणि तो रंगमंचावर नव्हता.

बाबूरावांच्या कथेकडे परत येतो. १९२५ साली त्यांनी सावकारी पाश काढला. कथा ना. ह. आपटे यांची. पुराणातले देव नाहीत, इतिहासातले राजे नाहीत. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणारा एक शेतकरी. व्ही. शांताराम यांनी त्यात तरुण शेतकऱ्याचे काम केले. भारतीय चित्रपटात फाटक्या वस्त्राला आणि मोडक्या झोपडीला नायकाचे स्थान मिळाले ते या चित्रपटात. राजाचा अंगरखा नीट पाहणाऱ्या डोळ्याने शेतकऱ्याचे धोतरही तितक्याच आदराने पाहिले. डहाणू-तलासरीच्या आपल्यासारख्या वाचकांना या विषयाचे मोल वेगळे सांगावयास नको. सावकारी आणि वेठबिगारी काय असते हे आपल्या पणजोबांनी भोगलेले आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारली शेतकऱ्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला, त्याच्या वीस वर्षे आधी कोल्हापुरातल्या एका चित्रकाराने सावकाराच्या पाशाचे चित्र पडद्यावर आणले होते. चित्रपट चांगला चालला नाही, कारण लोकांना पुराणकथाच हव्या होत्या. १९३६ साली त्यांनी तोच विषय बोलपटात पुन्हा घेतला.

कंपनी ही एक शाळाच होती. पण शाळेतली मुले मोठी झाली की घर सोडतात. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातच्या नावाला पुढे जे तेज आले, त्यातला पुष्कळसा उजेड बाबूरावांच्या दिव्याचा आहे. १९३१ साली बोलपट आला. मूकपटात वाढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा काळ संपला. बाबूरावांनी पुढेही उषा, प्रतिभा, रुक्मिणी स्वयंवर, लोकशाहीर राम जोशी असे चित्रपट केले, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. ते चित्रे रंगवीत राहिले, शिल्पे घडवीत राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे मूकपट बहुतेक नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई आणि नीट न ठेवल्यास कुजे. ज्या वस्त्रांसाठी इतका विचार झाला, ती आज काही छायाचित्रांतच उरली आहेत.

तरीही धागा तुटला नाही. कोल्हापूरचेच अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार बाबूरावांच्या चित्रपटांशी संबंधित होते. त्यांची कन्या भानू, म्हणजे भानू अथैया. गांधी चित्रपटातील पोशाखांसाठी त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या निवर्तल्या. खादीचा जाडेपणा, धोतराची नेस, वर्षागणिक बदलत गेलेला गांधीजींचा वेष, हे सारे त्या चित्रपटात नीट पाहता येते. कोल्हापुरात पेरलेले बी साता समुद्रापार फळाला आले असे म्हणावयास हरकत नाही.

आता शेवटचे. यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही १९४५ च्या वारली उठावावर एकांकिका घेतली. ड्रेपरीच्या यादीत आदिवासींचा संच म्हणून एक बाब होती. पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, हातात भाले आणि तोंडाला लावण्यास काळा रंग. ती यादी वाचताना माझे कान तापले. माझी पणजी पानांचा घागरा घालीत नव्हती. ती गुडघ्यापर्यंत लुगडे नेसत होती. माझ्या पणज्याच्या डोक्यावर पीस नव्हते, मुंडासे होते. मखमलीच्या मावळ्याने इतिहास नुसता विनोदी होतो, पण पिसांच्या वारल्याने जिवंत माणसांचा अपमान होतो. मी बैठकीत हे बोललो. काही मित्रांचे म्हणणे पडले, की मागच्या रांगेतल्याला लुगडे आणि मुंडासे दिसणार नाही, रंगमंचावर काही तरी झगमगले पाहिजे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मी त्यांना बाबूरावांच्या पडद्याची गोष्ट सांगितली. वाद बराच झाला. शेवटी सरांनी सांगितले, की पुरावा आण, मग ठरवू.

मी पाड्यावर गेलो. आजीने जुन्या पेटीतून दोन लुगडी काढून दिली. शेजाऱ्यांनी घोंगड्या, कोयते, एक जुनी आकडी दिली. आजा त्या वर्षी जन्मलाही नव्हता, पण बापाकडून ऐकलेले त्याला सारे पाठ होते. कोण काय नेसे, सावकाराच्या दारी जाताना डोक्यावरचे काढावे लागे की नाही, हे तो सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. असले प्रश्न त्याला यापूर्वी कोणी विचारले नव्हते. पुरावा मान्य झाला. ड्रेपरीच्या यादीतून ती बाब आम्ही खोडली.

प्रयोगाच्या संध्याकाळी आजा वेळेच्या आधीच आला. त्याला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, पण तो सरळ पडद्यामागे आला. आम्हा मुलांची मुंडाशी पाहून त्याने मान हलविली. काही न बोलता एकेकाचे सोडले आणि पुन्हा बांधले. माझे बांधताना त्याने गाठ जरा जास्तच घट्ट आवळली. मग तो बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसला. या वेळी खेळ संपल्यावर त्याने मला काहीही विचारले नाही.